दुखऱ्या कोपरासाठी रबरी पीळदांडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

साधारण एक फूट लांब, मुठीत नीट बसेल एवढी जाड आणि सगळीकडून खडबडीत खाचा असलेली अशी ही रबराची भरीव दांडी आहे. तिला बटण नाही, बॅटरी नाही, जोडायचे भाग नाहीत. दोन्ही हातांनी धरायची, पिळायची आणि तो पीळ सावकाश सोडायचा, एवढेच तिचे काम. व्यायामाचे साहित्य विकणारे लोक तिला फ्लेक्स बार किंवा ट्विस्ट बार म्हणतात. मी तिला पीळदांडी म्हणत आलो आहे आणि इथेही तोच शब्द वापरतो. अशा दांड्या अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यात फारसा फरक नसतो, म्हणून माझ्याकडची कोणाची हे सांगत बसत नाही. चाळिशी ओलांडल्यावरही वजने उचलणाऱ्या आणि कोपराच्या दुखण्याने जेरीस आलेल्या माणसाने ही वस्तू घ्यावी की नाही, आणि घेतली तर तिच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी, हे आठ महिन्यांच्या वापरावरून लिहितो आहे.

माझे वय ४७ आहे आणि बारबेलशी, म्हणजे वजनाच्या चकत्या लावलेल्या लोखंडी दांड्याशी, माझी संगत सुमारे पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी पुल-अपची, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढण्याची, संख्या वाढवायचे डोक्यात घेतले आणि आठवड्यातून दोनदा करत होतो ते पाचदा करू लागलो. त्याच सुमारास डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा बारबेल उचलून उभे राहण्याचे, जड सेट मनगटाचे पट्टे न बांधता, नुसत्या पकडीच्या जोरावर करण्याचाही नाद लागला. तीन आठवडे सगळे उत्तम चालले. चौथ्या आठवड्यात उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी एक बारीकशी कळ जाणवू लागली, जी दोन सेट झाले की नाहीशी होई. म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे ती सेट संपल्यावरही राहू लागली आणि अखेर पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून उचलणे, दाराची मूठ फिरवणे आणि ओला टॉवेल पिळणे या तीन साध्या गोष्टींनी तोंडातून आवाज निघू लागला. गंमत अशी की त्यानंतर जे साधन माझ्या उपयोगी पडले त्याचे कामही टॉवेल पिळल्यासारखेच आहे.

साधनाविषयी बोलण्याआधी दुखण्याविषयी थोडे सांगावे लागेल, कारण ते समजल्याशिवाय ही दांडी म्हणजे रबराचा एक महागडा तुकडा वाटण्याचीच शक्यता अधिक. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागते तिथे मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची एक सामाईक कंडरा, म्हणजे टेंडन, चिकटलेली असते आणि दुखणे बहुधा तिच्याच मुळाशी असते. ‘मी तर पकडतो, मनगट मागे कुठे उचलतो?’ असा प्रश्न मलाही पडला होता. बोटे आवळणारे स्नायू मनगटावरून जातात, त्यामुळे मूठ घट्ट करताच मनगट आपोआप आत वळू पाहते. त्याला वळू न देता सरळ धरून ठेवण्याचे काम मागच्या स्नायूंना करावे लागते. म्हणजे डेडलिफ्ट असो, रोइंग (वजन पोटाकडे ओढणे) असो की पुल-अप, बार जितका घट्ट धरावा तितकी ही कंडरा ताणली जाते, आणि पाठ व दंड कितीही बळकट झाले तरी या सगळ्यांचा भार त्या बोटभर जागेवरून जातो. तरुणपणी ती जागा हे सहन करते. वय वाढले की स्नायू अजूनही काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरेला मात्र त्यासाठी महिने लागतात. आणि वजन किती वाढवायचे हा निर्णय आपण नेहमी स्नायूंना विचारून घेतो, कंडरेला विचारून नव्हे.

या विकाराला टेनिस एल्बो म्हणत असले तरी त्याचे पहिले वैद्यकीय वर्णन १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केले होते आणि ते लिहिताना हात दुखण्याच्या संदर्भात होते. टेनिसचे नाव त्याला १८८० च्या दशकात चिकटले. आपल्याकडे बहुतेकांना हा शब्द २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखावले तेव्हा कळला, आणि त्याला २००५ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती हेही अनेकांना आठवत असेल. त्या आठवणीमुळे पुष्कळांच्या मनात शस्त्रक्रियेची भीती बसली आहे, पण प्रत्यक्षात फार थोड्या लोकांवर ती वेळ येते. दुसरा एक गैरसमज अधिक चिवट आहे : ही सूज आहे आणि ती उतरवायची आहे. १९७९ मध्ये नर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे जे वर्णन केले, त्यात नेहमीच्या दाहाच्या पेशींपेक्षा विस्कटलेले तंतू आणि अव्यवस्थित नव्या रक्तवाहिन्याच ठळकपणे दिसल्या होत्या. दोरखंडाचे पेड सुटावेत तशी ही अवस्था असते. बर्फ लावल्याने आणि वेदनाशामक गोळीने कळ तात्पुरती दबते, पेड पुन्हा वळले जात नाहीत; ते वळले जाण्यासाठी कंडरेला बेताचा, नियमित आणि हळूहळू वाढणारा भार लागतो. पीळदांडी हा तो भार देण्याचा एक मार्ग आहे. तिच्यात याहून अधिक काही नाही आणि जाहिरातीत दिसणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यांवर जाऊ नये.

दांडी घेण्यापूर्वी मी तीन उपाय करून पाहिले होते. पहिला म्हणजे संपूर्ण विश्रांती. सहा आठवडे वजनाला हात लावला नाही, कळ जवळजवळ गेली, आणि परत सुरुवात केल्यावर नवव्या दिवशी ती पूर्वीच्याच जागी हजर झाली, कारण विश्रांतीने कंडरा शांत झाली होती, सशक्त झाली नव्हती. दुसरा उपाय कोपराखाली बांधायचा पट्टा. त्याचा उपयोग मला वाटला होता त्यापेक्षा जास्त झाला, पण तो बांधायचा कुठे हे कळल्यानंतरच. सुरुवातीला मी तो दुखणाऱ्या हाडावरच आवळत असे आणि कळ वाढत असे. तो हाडापासून दोन बोटे खाली, हाताच्या मांसल भागावर बसवायचा असतो, म्हणजे स्नायूचा ओढा पट्ट्याखालीच काही प्रमाणात अडतो आणि कंडरेच्या मुळापर्यंत कमी पोहोचतो. बांधल्यावर बोटांना मुंग्या येत असतील तर तो फार घट्ट झाला आहे असे समजावे. तिसरा उपाय जाड कापडी-रबरी बाही. तिने कोपर उबदार राहते आणि मनाला धीर येतो. त्यापलीकडे तिने माझे काही केले नाही.

स्टिरॉइडचे इंजेक्शन मी टाळले आणि त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते, कारण व्यायामशाळेत हा सल्ला फार सहज दिला जातो. २०१३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात १६५ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. इंजेक्शन घेतलेल्यांना चार आठवड्यांनी स्पष्ट आराम होता. परंतु एका वर्षाने पाहिले तेव्हा पूर्ण बरे झालेल्या किंवा पुष्कळ सुधारलेल्या लोकांचे प्रमाण त्यांच्यात ८३ टक्के होते, तर नुसते सलाईनचे इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये ९६ टक्के. दुखणे उलटण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्यात १२ टक्के होते. या आकड्यांतून इंजेक्शनविषयी जे कळायचे ते कळतेच, पण आणखी एक गोष्ट कळते जी प्रत्येक परीक्षणकर्त्याने मनाशी धरली पाहिजे : ज्यांना औषध दिलेच नाही त्यांतील बहुसंख्य लोकही वर्षभरात सुधारले. तेव्हा माझे कोपर दांडीने बरे झाले की काळाने, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगू शकतो की त्या काळात मला वजने सोडावी लागली नाहीत.

दांडीच्या बाजूने जो पुरावा दिला जातो तो २०१० चा आहे. टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखणे असलेल्या २१ रुग्णांचे दोन गट केले. नेहमीचे फिजिओथेरपीचे उपचार दोघांनाही दिले आणि एका गटाला त्यांच्या जोडीला रोज १५ आवर्तनांचे तीन सेट दांडीवर करायला लावले. दांडीच्या गटातील वेदना सरासरी ८१ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या गटातील २२ टक्क्यांनी. फरक इतका मोठा दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवण्यात आली. हा व्यायाम तेव्हापासून टायलर ट्विस्ट या नावाने ओळखला जातो आणि दांडीच्या बहुतेक वेष्टनांवर त्याची चित्रे असतात. मात्र २१ ही संख्या फार लहान आहे हे वेष्टनावर लिहिलेले नसते. म्हणून या आकड्यांकडे मी आश्वासन म्हणून न पाहता करून पाहायला पुरेसे कारण म्हणून पाहिले.

आता कृती. उजवे कोपर बाहेरून दुखत असेल असे गृहीत धरतो. दांडी उजव्या हातात उभी धरावी आणि उजवे मनगट पूर्ण मागे वाकवावे. डाव्या हाताने वरचे टोक असे पकडावे की तळहात आपल्यापासून दूर, पुढच्या बाजूला राहील. उजवे मनगट जागचे हलू न देता डावे मनगट आत वळवून दांडीला पीळ द्यावा. तो पीळ तसाच ठेवून दोन्ही हात छातीसमोर सरळ लांब करावेत, म्हणजे दांडी आडवी होते. या क्षणी उजवे मनगट मागे आणि डावे पुढे वळलेले असते. इथवरची सगळी तयारी झाली. खरा व्यायाम यानंतरचे चार-पाच सेकंद : डावे मनगट घट्ट धरून ठेवायचे आणि उजव्या मनगटाला सावकाश पुढे वाकू देत दांडीचा पीळ उलगडू द्यायचा. स्नायू जोर लावत असतानाच लांब होत जातो, आणि उतरत्या भाराचा हा व्यायाम कंडरेला मानवतो. वजन उचलताना ते खाली आणण्याचा टप्पा म्हटला तर कोणाही उचलणाऱ्याला हे लगेच समजेल.

वाचायला हे किचकट वाटते आणि पहिल्या दिवशी करायलाही तसेच वाटते. माझ्या दांडीसोबत आलेल्या कागदावर टपाल तिकिटाएवढी चार चित्रे होती आणि त्यांत डावा हात कोणता नि उजवा कोणता हे ओळखणे हाच एक व्यायाम होता. मी पहिले दहा दिवस चुकीच्या हाताने पीळ सोडत होतो, म्हणजे दुखऱ्या हातासाठी असलेला व्यायाम इमानाने चांगल्या हाताला देत होतो. एका फिजिओथेरपिस्टने दोन मिनिटांत ही चूक दाखवून दिली. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घाई. पीळ सटकन सुटला तर रबर स्वतःच उलगडते आणि कंडरेच्या वाट्याला काहीच येत नाही. तिसरी चूक खांदे वर ओढण्याची; त्याने मान आखडते.

कडकपणा किती घ्यावा हा या वस्तूच्या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दांड्या रंगांनुसार मिळतात, रंगागणिक रबर जाड आणि कडक होत जाते. पण एका कंपनीचा हिरवा म्हणजे दुसरीचा हिरवा नव्हे, म्हणून रंगाचे नाव ऐकून मागवू नये, त्या कंपनीने कडकपणाचा कोणता क्रम दिला आहे तो पाहावा. वजने उचलणाऱ्या माणसाची अडचण अशी की त्याला स्वतःची पकड बळकट असल्याचा अभिमान असतो. मीही तीच चूक केली आणि थेट कडक दांडी घेतली. दुसऱ्या सेटपर्यंत पोहोचण्याआधीच कळ इतकी उठली की रात्री कूस बदलताना जाग येत होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. आठवड्याने मुकाट्याने एक पायरी खालची दांडी आणली. माझ्या मते, १५ आवर्तनांच्या शेवटच्या चार-पाच आवर्तनांत जागा जाणवावी, पण दहापैकी तीन-चारच्या वर कळ जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर आदल्या सकाळपेक्षा वाईट नसावे. ही कसोटी पार होते ती दांडी आपली. दुसऱ्या दिवशीची सकाळ हे इथले खरे मोजमाप आहे, कारण ही कंडरा व्यायामाच्या वेळी अनेकदा गप्प बसते आणि रात्रभरात हिशेब मांडते.

योग्य दांडी हाती आल्यावर पहिले तीन आठवडे काहीही घडले नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण बहुतेक दांड्या याच काळात कपाटात जात असाव्यात. मी रोज सकाळी त्याच बाटलीने, हात लांब करून, एक चाचणी घेत असे आणि कळेला दहापैकी आकडा देऊन वहीत लिहीत असे. सहापासून सुरुवात होती. पाचव्या आठवड्यात चार, आठव्या आठवड्यात तीन, मग महिनाभर तीनच. मधे प्रवासात नऊ दिवस दांडी सोबत नव्हती तेव्हा पुन्हा चार. चौथ्या महिन्याच्या शेवटी एक, आणि सहाव्या महिन्यापासून वहीत शून्ये दिसतात, अधूनमधून एखादा एक वगळता. ओला टॉवेल मी कधी सहजपणे पिळू लागलो ते मात्र माझ्या लक्षातही आले नाही.

या दांडीत दोष आहेत. रबराचा वास पहिले दोन आठवडे हाताला चिकटून राहतो आणि साबणाने लगेच जात नाही. ज्यांना नैसर्गिक रबराची ॲलर्जी आहे त्यांनी लॅटेक्सविरहित असल्याची खात्री करूनच घ्यावी. नवीन असताना तिच्यावर पांढरी भुकटी असते, ती धुतल्यावर पकड सुधारते. घामेजलेल्या हातात मात्र ती खाचा असूनही निसटते आणि पिळलेली दांडी निसटली की मनगटाला झटका बसतो. उन्हात किंवा उष्णतेजवळ ठेवल्यास रबर लवकर म्हातारे होते. माझ्या दांडीच्या एका टोकाला सातव्या महिन्यात केसासारखी चीर दिसू लागली आहे. अजून ती वाढलेली नाही, पण दर आठवड्याला पाहावी लागते. सर्वांत मोठा दोष मात्र बनावटीचा नाही, रचनेचा आहे. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना भार एकदम वाढतो आणि मधली पायरी नसते. बारबेलला सव्वा किलोची लहान चकती लावायची सवय असलेल्या माणसाला ही उडी खटकते. यावर एकच तोड आहे : पीळ थोडा कमी द्यायचा. पण तो किती कमी दिला हे मोजता येत नाही, म्हणजे ज्या साधनाचा सगळा भर बेताच्या भारावर आहे त्यातच भार मोजण्याची सोय नाही. शिवाय दांडी पिळण्याचे काम चांगल्या हाताला करावे लागते. ज्यांची दोन्ही कोपरे दुखतात त्यांना ही दांडी फारशी उपयोगी पडणार नाही.

त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नवी वस्तू घ्यायची नाही त्यांच्यासाठीही, डंबेलचा मार्ग खुला आहे. टेबलाच्या कडेला हात टेकवून, तळहात खाली ठेवून, दुसऱ्या हाताच्या मदतीने डंबेल वर न्यायचे आणि दुखऱ्या हाताने एकट्याने सावकाश खाली सोडायचे. इथे भार अर्ध्या किलोने वाढवता येतो आणि वहीत आकडा लिहिता येतो. दोन्ही कोपरे दुखत असतील तर दुसऱ्या हाताऐवजी डंबेल मांडीच्या किंवा टेबलाच्या आधाराने वर आणता येते. मोजमापाच्या दृष्टीने हा प्रकार दांडीपेक्षा सरस आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. तरीही मी दांडीच वापरत राहिलो, कारण ती पिशवीत मावते, खुर्चीत बसून किंवा उभ्याने कुठेही करता येते आणि तीन सेट पाच-सहा मिनिटांत उरकतात. जो व्यायाम रोज व्हायला हवा त्यात सोय ही दुय्यम गोष्ट नसते. कळ फार तीव्र असेल तेव्हा मी दोन्हीही न करता मनगट सरळ धरून, काहीही न हलवता, ३० ते ४५ सेकंद हलका जोर लावून धरण्याचे चार-पाच फेरे करीत असे. त्याने बिघाड न होता दिवस निभत.

आतल्या बाजूच्या हाडाशी दुखत असेल, ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात आणि जो चिन-अप (तळहात आपल्याकडे ठेवून केलेले पुल-अप) व जड कर्ल (कोपरात हात दुमडून वजन उचलणे) करणाऱ्यांना विशेष छळतो, तर हीच दांडी उलट्या पद्धतीने वापरतात : दुखरे मनगट आत वळवून सुरुवात करायची आणि पीळ सोडताना त्याला मागे जाऊ द्यायचे. माझ्या डाव्या कोपराला मधे हा त्रास हलकासा झाला आणि महिनाभरात गेला, त्यामुळे त्याविषयी छातीठोकपणे बोलण्याइतका अनुभव माझ्याजवळ नाही. कोपराच्या मागच्या टोकाशी, ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूच्या, कंडरेला दुखत असेल तर ही दांडी निरुपयोगी आहे. तिथे हात सरळ करण्याचेच व्यायाम, हलके आणि सावकाश, करावे लागतात.

आता ज्याच्याविषयी विक्रेता कधी बोलणार नाही तो भाग. दांडीने कंडरेला दिवसाला सहा मिनिटे शहाणा भार दिला आणि उरलेल्या वेळात आपण तिला जुनाच वेडा भार देत राहिलो, तर दांडी हरणार हे उघड आहे. मी पुल-अप पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आणले आणि सरळ बारऐवजी समोरासमोर तळहात येणाऱ्या मुठींवर किंवा लटकत्या कड्यांवर करू लागलो, कारण कडी हाताबरोबर फिरते आणि मनगटाला हवी ती जागा घेऊ देते. जड डेडलिफ्ट आणि रोइंगला निमूटपणे मनगटाचे पट्टे बांधले. पकडीचा व्यायाम वेगळा, हलका आणि आठवड्यातून एकदाच. सरळ बारवरचे कर्ल बंद करून डंबेलचे हॅमर कर्ल, म्हणजे अंगठा वर ठेवून केलेले कर्ल, घेतले. बेंच प्रेसमध्ये मनगट मागे कोसळू न देता बार तळहाताच्या खालच्या, मनगटाकडच्या भागावर बसवला. स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार पाठीवर घेऊन उठाबशा काढताना, तो फार खाली ठेवून हात जवळ घ्यायची जी हौस होती ती सोडली आणि हात रुंद केले. कोपरदुखीचे मूळ स्क्वॉटमध्ये असू शकते हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळावे याची थोडी लाजही वाटली. आणि वजन घट्ट धरायचे ते गरजेपुरते, हलक्या सेटलाही बारचा गळा आवळण्याची सवय मोडायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

दांडी मागवण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवे अशी काही लक्षणे आहेत. करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटात बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर त्रास मज्जातंतूचा असू शकतो. मान वळवल्यावर हातात कळ जात असेल तर मूळ मानेत असण्याची शक्यता असते. उचलताना फट्कन आवाज येऊन दंडाचा आकार बदलला, कोपर सुजले, लाल-गरम झाले, किंवा सरळच होईनासे झाले, तर एक दिवसही थांबू नये; बायसेपची कंडरा खालच्या टोकाशी तुटली असेल तर ती जोडण्याची शस्त्रक्रिया लवकर केलेलीच बरी असते. फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन, नुकतीच घेतली असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांचा कंडरांवर दुष्परिणाम होऊ शकतो आणि साठीनंतर तो धोका वाढतो.

एकाच कोपराचे बाहेरून दुखणे, काही महिने रोज सहा मिनिटे देण्याची तयारी आणि उचलण्याच्या पद्धतीत बदल करण्याची नम्रता, या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याने ही दांडी घ्यावी, आणि स्वतःला वाटते त्याहून एक पायरी मऊ घ्यावी. ज्याला दोन आठवड्यांत गुण हवा आहे त्याने पट्टा घ्यावा, त्याने निदान सेट तरी पार पडतात. मी सध्या आठवड्यातून तीनदा, ओढण्याच्या व्यायामांआधी, दोन सेट करतो. पहिल्यांदा आणलेली ती कडक दांडी गेल्या आठवड्यात कपाटातून काढून पाहिली. दहा आवर्तने झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उचलल्यावर वहीत शून्य लिहिले.